गेम बनवायला शिकताना मिळणारे सल्ले : कोणता घ्यावा, कोणता सोडावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की हल्ली आपल्या घरांमध्ये एक नवा शब्द ऐकू येतो, 'गेम डेव्हलपमेंट'. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला गेम बनवायला शिकायचंय." अम्मीला वाटतं, मोबाईल हातात ठेवायचा हा नवा बहाणा आहे. अब्बू विचारतात, "खर्च किती, आणि नोकरी कुठे लागणार?" मग सल्ल्यांची रांग लागते. मामू एक सांगतात, शेजारचा इंजिनिअर दुसरं सांगतो, यूट्यूबवरचा भाऊ तिसरं आणि क्लासचा माणूस फोन करून चौथंच सांगतो.

आम्ही शाळेत शिकवतो. शाळेच्या संगणक कक्षात काही मुला-मुलींसोबत बसून आम्हीही हे काम शिकत आलो आहोत. या काळात आमच्या आणि मुलांच्या कानावर ढीगभर सल्ले पडले. त्यातले काही सोन्यासारखे होते. काही असे होते की ऐकले असते तर कुणाच्या घरचे लाखभर रुपये गेले असते, कुणाची बारावी बुडाली असती, तर एखाद्या मुलीचा हुनर घरातच राहिला असता. म्हणून हे सगळं एकदा नीट मांडावं असं वाटलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. चांगल्या सल्ल्याची ओळख सोपी आहे. तो ऐकल्यावर मूल या आठवड्यात, घरात आहे त्या साधनांवर काहीतरी बनवू लागतं. वाईट सल्ला ऐकल्यावर ते काहीतरी विकत घ्यायला निघतं, नाहीतर वाट पाहत बसतं, नाहीतर हिंमत हरतं.

खेळणं वेगळं, बनवणं वेगळं

घरच्यांचा पहिला गैरसमज इथेच असतो. गेम खेळणारा आणि गेम बनवणारा यांत तेवढाच फरक आहे जेवढा बिर्याणी खाणाऱ्यात आणि देग उतरवणाऱ्यात असतो. गेम बनवताना कोड लिहावा लागतो, चित्रं काढावी लागतात, आवाज जोडावे लागतात, खेळाचे नियम ठरवावे लागतात आणि मग तोच खेळ शंभर वेळा तपासावा लागतो. उडी जरा उंच झाली का, शत्रू फार लवकर येतो का, हरल्यावर पुन्हा खेळावंसं वाटतं का, हे सगळं बघावं लागतं.

"तू दिवसभर गेम खेळतोस, म्हणजे तुला बनवताही येईल," हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. खेळायची आवड उपयोगी पडते, पण कामाची सवय वेगळी लावावी लागते. उलट फारसं न खेळणारी, पण चित्रकलेत रमणारी किंवा गणिताची कोडी सोडवणारी मुलं या कामात छान रुळतात, हे आम्ही पाहिलं आहे.

"बनवायचाच तर जीटीए बनव!"

हा सल्ला मित्रांकडून येतो आणि सगळ्यात जास्त मुलांना तोच बुडवतो. 'जीटीए फाइव्ह' 2013 मध्ये आला. त्यामागे अनेक शहरांमधल्या स्टुडिओंतली मोठी फौज आणि कित्येक वर्षांची मेहनत होती. नववीतल्या मुलाने पहिल्याच फटक्यात तसं काही करायला घेतलं तर दोन महिन्यांनी त्याच्याकडे फक्त एक अर्धवट गाडी आणि एक रिकामा रस्ता उरतो. मग तो म्हणतो, "सर, मला जमत नाही." जमत नाही असं नसतं, मापच चुकलेलं असतं.

चांगला सल्ला याच्या अगदी उलट आहे : इतका छोटा गेम घे की तो पुरा होईल. याचं एक जुनं उदाहरण 1972 चं आहे. अमेरिकेतल्या अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर नवा आला होता. कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी त्याला हात बसावा म्हणून एक साधं काम दिलं : दोन पट्ट्या, एक चेंडू आणि गुण. एवढाच खेळ. तोच पुढे 'पाँग' म्हणून जगभर गाजला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये पहिलं मशीन लोकांसमोर ठेवलं, तेव्हा काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता.

आजही शिकणाऱ्याने पहिला गेम 'पाँग'च बनवावा. त्यात चेंडू हलवणं, भिंतीला लागून परत येणं, पट्टीला लागला की नाही ते ओळखणं, गुण मोजणं आणि खेळ संपवणं, असं सगळं येतं. मोठ्या गेममध्येही मुळाशी हेच असतं.

कुणी म्हणेल, 'स्टारड्यू व्हॅली' तर एकट्या एरिक बॅरोनने बनवला आणि तो केवढा मोठा आहे! खरं आहे. पण पुढचंही ऐका. बॅरोन संगणकशास्त्राची पदवी घेतलेला होता, नोकरी मिळत नव्हती म्हणून त्याने सराव म्हणून हे काम हाती घेतलं, आणि 2016 मध्ये गेम बाहेर यायला चार वर्षांहून अधिक काळ लागला. ज्याच्याकडे तेवढी तयारी आणि तेवढा सब्र आहे त्याने जरूर करावं. पहिल्या गेमसाठी तो रस्ता नाही.

"खरं काम अमुक इंजिनवरच होतं"

गेम इंजिन म्हणजे तयार हत्यारांची पेटी. चित्र पडद्यावर दाखवणं, आवाज वाजवणं, दोन वस्तू एकमेकांना धडकल्या का ते पाहणं, ही कामं इंजिन करून देतं. आपण त्यावर आपला खेळ उभा करतो. तीन नावं सतत ऐकू येतात : अनरिअल, युनिटी आणि गोडो.

अनरिअल हे एपिक कंपनीचं इंजिन. दिसायला भारी, मोठ्या गेमसाठी उत्तम. शिकायला पैसे लागत नाहीत, आणि एखाद्या गेमची कमाई 10 लाख डॉलरच्या वर गेली तर वरच्या कमाईवर 5 टक्के कंपनीला द्यावे लागतात. पण ते चालवायला संगणक दणकट हवा. कंपनी स्वतःच 32 जीबी रॅमची शिफारस करते. आपल्या घरात 4 किंवा 8 जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर हा सल्ला ऐकून अब्बूंच्या डोक्यावर हप्ता चढेल.

युनिटी 2005 पासून आहे. मोबाईलचे कित्येक गेम त्यावर बनतात, त्यात सी-शार्प भाषा वापरतात आणि भारतातल्या कंपन्यांतही त्याची मागणी आहे. वर्षाची कमाई 2 लाख डॉलरच्या आत असेल तर ते मोफत वापरता येतं.

गोडोची सुरुवात अर्जेंटिनातल्या दोघांनी केली आणि 2014 मध्ये त्याचा सगळा कोड सर्वांसाठी खुला केला. ते पूर्ण मोफत आहे, कमाई कितीही झाली तरी कुणाला काही द्यावं लागत नाही. आकाराने लहान आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही दोन मितींचे साधे गेम त्यात बनतात. त्याची स्वतःची जीडीस्क्रिप्ट नावाची भाषा शिकायला सोपी आहे. आम्ही शाळेत याच कारणाने गोडो घेतलं. आठवी-नववीच्या खालच्या मुलांसाठी मात्र आधी 'स्क्रॅच' बरं. अमेरिकेतल्या एमआयटीने ते 2007 मध्ये आणलं. त्यात कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ठोकळे जोडायचे असतात.

"एकच इंजिन धर आणि आयुष्यभर सोडू नको," हाही सल्ला मिळतो. याबद्दल 2023 ची घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये युनिटीने जाहीर केलं की ठराविक मर्यादेनंतर गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा फी लागेल. जगभरातून विरोध झाला, कंपनीने अटी बदलल्या आणि अखेर सप्टेंबर 2024 मध्ये ही फी रद्द केली. मधल्या काळात कित्येकांनी दुसरं इंजिन शिकून घेतलं. ज्यांचा पाया पक्का होता त्यांना फार जड गेलं नाही. चल पदं, अटी, लूप, फंक्शन या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. मराठी शाळेत शिकलेला भागाकार उर्दू शाळेत गेल्यावर बदलत नाही, तसंच हे आहे.

"आधी स्वतःचं इंजिन बनव, तरच तू खरा प्रोग्रामर," असं सांगणारेही भेटतात. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला हे शिकण्यासारखं आहे. शाळेतल्या मुलाला मात्र हा सल्ला म्हणजे भाकरी हवी असताना आधी जातं घडवायला लावणं.

"हा साठ तासांचा कोर्स पूर्ण बघ, मगच हात लाव"

व्हिडिओ पाहून पोहायला येत नाही आणि गेमही बनवता येत नाही. मुलं महिनोन्महिने व्हिडिओ पाहतात, सोबत टाइप करतात, पडद्यावर सगळं चालतं. व्हिडिओ बंद केला की कोरी पाटी. वर्गात फळ्यावरचं उदाहरण उतरवून घेणाऱ्या मुलाचं परीक्षेत जे होतं तेच इथे होतं.

यावर आम्हाला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला असा : वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहा, तो बंद करा, आणि तेच आठवून पुन्हा बनवा. मग त्यात एक गोष्ट आपल्या मनाची बदला. चेंडू एकाऐवजी दोन करा. पट्टी प्रत्येक गुणाला लहान होऊ द्या. बदल केला की काहीतरी बिघडतं, आणि ते दुरुस्त करताना खरी तालीम होते. चूक दाखवणारी लाल ओळ आली की घाबरायचं नाही. ती ओळ कोणत्या जागी गडबड आहे ते सांगत असते, ती शांतपणे वाचायची सवय लावायची.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार कोड मिळतो. "तुला शिकायची गरजच काय?" असंही मुलांना सांगितलं जातं. तयार कोड घेतला तर हरकत नाही, पण त्यातली प्रत्येक ओळ काय करते हे मुलाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती गाइडवरून उतरवलेली वहीच समजा.

"गेमला गणित लागत नाही"

हा सल्ला मुलांना फार आवडतो. गणिताचे शिक्षक मात्र तो ऐकून हसतील. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितातले कितीतरी धडे गेममध्ये जसेच्या तसे येतात.

समजा खेळाडू (2, 3) या बिंदूवर उभा आहे आणि शत्रू (8, 11) या बिंदूवर. शत्रूने खेळाडूला कधी पाहावं? दोघांतलं अंतर 12 पेक्षा कमी झालं की. अंतर कसं काढायचं? आडवा फरक 6, उभा फरक 8. पायथागोरस सांगतो, 36 अधिक 64 म्हणजे 100, त्याचं वर्गमूळ 10. अंतर 10, म्हणजे शत्रू धावणार. निर्देशक भूमितीचा धडा इथे जिवंत होतो. तोफ कोणत्या कोनात फिरवायची ते त्रिकोणमिती सांगते. पेटीतून नाणं किती वेळा निघावं हे संभाव्यता ठरवते.

आणखी एक उदाहरण पाहा. संगणक एका सेकंदात अनेक चित्रं दाखवतो, त्यांना फ्रेम म्हणतात. चेंडू प्रत्येक फ्रेमला 5 ठिपके पुढे जावा असं लिहिलं, तर सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या नव्या संगणकावर तो 300 ठिपके जाईल आणि 30 फ्रेमच्या जुन्या लॅपटॉपवर 150 च. एकाच गेममध्ये एका घरी चेंडू पळणार, दुसऱ्या घरी रांगणार. म्हणून वेग सेकंदात धरायचा आणि मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणायचं. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ, हे विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र इथे वापरात येतं.

ज्या मुलाला 'हे शिकून काय उपयोग' असं वाटत होतं, त्याला इथे उपयोग दिसतो. आमच्या मते घरच्यांसाठी हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. मूल पुढे गेम बनवो अगर न बनवो, गणित त्याच्या हाताशी राहतं.

"दोन लाख भरा, नोकरी पक्की"

आता पैशाचा विषय. एका क्लासच्या माणसाने आमच्या ओळखीच्या घरी येऊन दोन लाखांचा कोर्स आणि 'शंभर टक्के नोकरी' असं सांगितलं होतं. घरच्यांनी दागिने मोडायची तयारी केली होती. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मागच्या तुकडीतल्या मुलांनी बनवलेले गेम दाखवाल का? त्या मुलांशी फोनवर बोलता येईल का? शिकवणाऱ्याने स्वतः कोणता गेम पूर्ण करून लोकांसमोर आणला आहे? मध्येच सोडलं तर फी परत मिळेल का, आणि ते लिहून द्याल का? चारही प्रश्नांना उत्तर टाळाटाळीचं आलं. दागिने वाचले.

सगळेच क्लास वाईट असतात असं नाही. चांगला गुरू मिळाला तर वर्षाचं काम महिन्यात होतं. पण शिकायला सुरुवात करण्यासाठी मोठी रक्कम लागते हे खोटं आहे. गोडो मोफत आहे. त्रिमितीसाठी ब्लेंडर मोफत आहे, चित्रांसाठी क्रिटा, आवाजासाठी ऑडॅसिटी. केनी नावाच्या डच कलाकाराने हजारो चित्रं आणि आवाज सर्वांना फुकट वापरायला दिले आहेत, कमाईसाठी वापरले तरी चालतात.

पुढे गेम लोकांसमोर ठेवायचा खर्चही माहीत असावा. इच डॉट आयओ या साइटवर गेम ठेवायला पैसे लागत नाहीत. गुगल प्लेवर खातं उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात, स्टीमवर प्रत्येक गेममागे 100 डॉलर. गुगल प्लेचं खातं 18 वर्षांखालील मुलाला उघडता येत नाही, आणि नव्या वैयक्तिक खात्याला गेम जाहीर करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस तपासून घ्यावा लागतो. आपल्या घरांत चुलत-मामे भावंडं मोजली तर बारा जण सहज भरतात!

"कॉलेज सोड, अमुक बघ करोडपती झाला"

'माइनक्राफ्ट' मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये अडीच अब्ज डॉलरला घेतला. व्हिएतनामच्या एका तरुणाने काही दिवसांत बनवलेला 'फ्लॅपी बर्ड' 2014 च्या सुरुवातीला जगभर पोहोचला. अशा कहाण्या मुलांना झोप येऊ देत नाहीत. पण 'फ्लॅपी बर्ड'च्या त्या तरुणाने प्रसिद्धीच्या शिखरावर असतानाच, फेब्रुवारी 2014 मध्ये, गेम स्वतःहून काढून टाकला, हे कहाणी सांगणारे सांगत नाहीत. असे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. बाकीच्यांची रोजी नोकरीतून आणि छोट्या-मोठ्या कामांतून चालते.

म्हणून शिक्षण सोडू नये. दहावीनंतर विज्ञान, डिप्लोमा किंवा कला, कोणत्याही शाखेतून या कामाकडे येता येतं. पदवीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था 2025 मध्ये मुंबईत सुरू झाली असून ॲनिमेशन आणि गेमिंग हेच तिचे विषय आहेत. प्रवेशाच्या वेळी तुम्ही काय बनवलं आहे ते दाखवता आलं तर फायदाच होतो. दोन पूर्ण छोटे गेम तिथे दहा अर्धवट मोठ्या गेमपेक्षा जास्त बोलतात.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' बनवला. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी काम थांबलं नाही. 2020 मध्ये गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. सब्र आणि मेहनत यांचं हे उदाहरण मुलांना जरूर सांगावं.

"हे मुलींचं काम नाही"

हा सल्ला देणाऱ्याला एक विचारावं. ऐंशी-नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचा, नदीवरून विमान उडवायचा 'रिव्हर रेड' आठवतो का? आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांनी तो खेळला आहे. 1982 चा तो गेम कॅरोल शॉ या बाईंनी बनवला होता. पुण्याच्या 'राजी'मागच्या स्टुडिओच्या संस्थापकांमध्येही श्रुती घोष आहेत.

आपल्या मुलींसाठी या कामात एक सोय आहे. घरी बसून शिकता येतं, आणि पुढे बरंचसं कामही घरून करता येतं. मेहंदीची नक्षी काढणारा हात गेमची चित्रंही काढू शकतो. अडचण बहुतेक वेळा एवढीच असते की घरातला लॅपटॉप भाईजानकडे असतो. असर ते मगरिब तो बहिणीला द्या, एवढं केलं तरी सुरुवात होते.

हलाल-हरामचा प्रश्न

काहीजण म्हणतात, "गेम म्हटलं की हराम." काहीजण म्हणतात, "कमाई आहे ना, मग सगळं चालतं." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. जुगाराबाबत शंकेला जागा नाही, सूरह मायदाच्या 90व्या आयतीत त्याची स्पष्ट मनाई आहे. देशाचा कायदाही आता तिथेच उभा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवण्यावर त्याने बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे.

म्हणून 'गेमिंग'मध्ये नोकरी असं ऐकलं की आधी विचारा, कंपनी कसले गेम बनवते? पैसे टाकून नशिबाने वस्तू मिळणाऱ्या पेट्या, ज्यांना लूट बॉक्स म्हणतात, त्यांना बेल्जियमने 2018 मध्येच जुगार ठरवलं होतं. गणित शिकवणारा गेम, कोडी, शेतीचा गेम, इतिहासावरचा गेम, हे सगळं वेगळं आहे. गेममधली चित्रं, संगीत, कथा यांबद्दल शंका असेल तर आपल्या विश्वासाच्या उलेमांना गेम दाखवून विचारावं. न दाखवता विचारलं तर उत्तरही अंदाजाने मिळतं.

"कुणाला दाखवू नको, आयडिया चोरतील"

चोरी होतच नाही असं आम्ही म्हणणार नाही. नेदरलँड्सच्या व्लॅम्बीर स्टुडिओची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक रामी इस्माईल, इजिप्शियन वंशाचे डच मुस्लिम. त्यांचा मासेमारीचा छोटा गेम 2010 मध्ये आला. ते त्याची मोठी आवृत्ती मोबाईलसाठी बनवत असतानाच, 2011 मध्ये, दुसऱ्यांनी नक्कल करून आपला गेम आधी बाजारात आणला. दोघे खचले होते. तरी त्यांनी काम पुरं केलं, आणि 2013 मध्ये ॲपलने त्यांच्या 'रिडिक्युलस फिशिंग'ला त्या वर्षीचा आयफोनवरचा सर्वोत्तम गेम म्हणून निवडलं.

शिकणाऱ्या मुलाला चोरीपेक्षा मोठा धोका आहे, तो म्हणजे कुणी पाहिलंच नाही तर गेममधली खोट कळत नाही. गेम धाकट्या भावाच्या हातात द्या आणि गप्प बसून पाहा. तो कुठे अडतो, कुठे कंटाळतो, ते लिहून घ्या. "असं नाही रे, इकडे दाब" असं म्हणू नका. बाजारात तुमचा गेम खेळणाऱ्याच्या शेजारी तुम्ही नसणार.

याच रामी इस्माईल यांनी आणखी एक मुद्दा वर्षानुवर्षं मांडला आहे. मोठमोठ्या गेममध्ये अरबी मजकूर उलटा, सुट्या अक्षरांत छापलेला दिसतो, कारण बनवणाऱ्यांत अरबी वाचणारं कुणी नसतं. इथे आपल्या मुलांकडे जमेची बाजू आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, तिची अक्षरं जोडली जातात. देवनागरीत जोडाक्षरं आणि वेलांट्या असतात. दोन्ही लिपी वाचणारं मूल अशा चुका लगेच पकडतं. 2023 च्या गोडो 4 मध्ये दोन्ही लिपी नीट दाखवायची सोय आहे, गुगलचा नस्तालिक फाँटही मोफत मिळतो. "इंग्रजी येत नाही तर हे सोड," असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. इंग्रजी शिकावीच लागते, कामापुरती ती शिकता शिकता येते. पण उर्दू-मराठीत मुलांसाठी गेम बनवणारे फार थोडे आहेत, आणि ते काम आपली मुलं करू शकतात.

सल्ला तपासायचे तीन प्रश्न

कुणीही सल्ला दिला की तीन गोष्टी विचारा. हा सल्ला देणाऱ्याने स्वतः काही पूर्ण केलं आहे का? सल्ला मानला तर कुणाच्या खिशात पैसे जातात? आणि मानला तर पुढच्या रविवारपर्यंत मुलाच्या हातात दाखवण्यासारखं काय असेल?

पहिल्या महिन्यासाठी आम्ही मुलांना देतो ती योजना अशी. पहिला आठवडा : इंजिन उतरवून घ्या, पडद्यावर एक चौकोन आणा आणि बाणांच्या बटणांनी हलवा. दुसरा आठवडा : 'पाँग' बनवा. तिसरा आठवडा : त्यात आवाज, गुण आणि 'पुन्हा खेळा'चं बटण घाला. चौथा आठवडा : घरातल्या पाच जणांना खेळायला द्या, त्यांच्या अडचणी लिहा आणि त्यातल्या दोन दुरुस्त करा. रोज एक तास पुरे. परीक्षा आली की महिनाभर थांबा. फाइल एका पेनड्राइव्हवरही ठेवा, म्हणजे लॅपटॉप बिघडला तरी मेहनत वाया जाणार नाही.

महिन्याच्या शेवटी मूल स्वतःच सांगेल की हे काम त्याला आवडतं की नाही. नाही आवडलं तरी बिघडलं काहीच नाही, एक रुपया न घालवता कळलं. आवडलं तर पुढे कोणता लॅपटॉप, कोणता कोर्स, हे तेव्हा ठरवता येईल, आणि तेव्हा क्लासवाल्याला काय विचारायचं हे तुमच्या मुलालाच माहीत असेल.

अम्मी-अब्बूंना एवढीच विनंती. मुलाने किंवा मुलीने "माझा गेम बघा ना" म्हटलं, तर पाच मिनिटं चष्मा लावून बसा आणि खरंच खेळा. हरलात तर हरलो म्हणा, कंटाळा आला तर तेही सांगा. फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांत याहून कामाचा सल्ला त्यांना दुसरा मिळणार नाही.